कागदाचा मुक्काम

ताई जाऊन सहा आठवडे झाले होते आणि भाऊजी अजून रोज सकाळी तिचा चष्मा पुसत होते. टाइपरायटर पुसायचं पिवळं फडकं घ्यायचं, दोन्ही काचांवर फुंकर घालायची, पुसायच्या, काड्या मिटून चष्मा स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवायचा आणि मग चहाचं आधण. ताईशी लग्न झाल्यापासूनची सवय. टाइपरायटर कधीच बंद पडला होता. फडकं होतं, चष्मा होता, हातही होते.

त्या रविवारी चहा झाल्यावर त्यांनी ताईच्या कपाटातून बिस्किटांचा डबा काढला. मामा अकराला येणार होते. ताईचा हा धाकटा भाऊ आज भांडायच्या तयारीनंच येणार, हे भाऊजींना पक्कं ठाऊक होतं. त्याआधी निदान कागद तारखेवार लावून ठेवावेत, म्हणजे पसाऱ्यावरून वेगळं भांडण नको.

डबा साहेबांचा. साहेब म्हणजे ताई-मामांचे वडील. देश त्यांना साहेब म्हणायचा आणि भाऊजीही साहेबच म्हणत, कारण जावई व्हायच्या आधी सात वर्षं ते त्यांचे लघुलेखक होते. साहेब परराष्ट्रमंत्री असताना घरात एक पद्धत होती. रागात सांगितलेला कागद त्या दिवशी घराबाहेर जायचा नाही. भाऊजींनी तो टाइप करून या डब्यात ठेवायचा. सकाळी चहाच्या वेळी ताईनं तो मोठ्यानं वाचायचा. ताईनंच, कारण ती किराणाची यादी वाचावी तशी वाचायची. शेजारच्या देशाला दिलेली धमकी आणि अर्धा किलो साखर, तिच्या तोंडी दोन्ही सारखंच. त्या आवाजात कागद टिकला, तर जायचा. नाही टिकला, तर ताई मागच्या बाजूला पेन्सिलीनं कारण लिहायची, पुढे 'नको' लिहायची आणि कागद परत डब्यात.

परराष्ट्र खात्यात याला 'मुक्काम' म्हणू लागले. पुढे त्याचा रबरी शिक्का झाला. साहेब जाऊन तीस वर्षं झाली, सहा सरकारं आली नि गेली, शिक्का राहिला. नदीपलीकडच्या देशाशी कितीही बिनसलं, तरी एक रात्र मध्ये जायची, आणि वाटाघाटीच्या टेबलावरची आपली खुर्ची कधी रिकामी राहिली नाही.

भाऊजींनी कागद लावत लावत तळ गाठला. तळाशी एक कागद टाइप केलेला नव्हता. निळ्या शाईत, ताईच्या अक्षरात होता.

'अकरा दिवस झाले, तुम्ही घरी जेवला नाहीत. तुमचं लग्न माझ्याशी झालेलं नाही, आबांच्या कागदांशी झालं आहे. मी पोरीला घेऊन उद्या दुपारच्या गाडीनं मावशीकडे जाते. न्यायला येऊ नका.'

तारीख बेचाळीस वर्षांपूर्वीची. खारू तेव्हा दोन वर्षांची होती.

भाऊजी खुर्चीवर बसले. ताई गेली नव्हती, हे त्यांना माहीत होतं. जायचं तिच्या मनात होतं, हे माहीत नव्हतं. मागे काय लिहिलंय ते बघायला त्यांनी कागदाचा कोपरा धरला आणि सोडून दिला. मागची बाजू कोरीच असली तर? कोरी म्हणजे तिनं सकाळी तो वाचलाच नाही. म्हणजे राग तसाच ठेवून बेचाळीस वर्षं चहा प्यायली.

दाराची घंटा वाजली. त्यांनी कागद दुमडून सदऱ्याच्या खिशात घातला.

*

मामा एकटे आले नव्हते. बरोबर मामी होत्या आणि मामांच्या काखेत तपकिरी कागदात गुंडाळलेली एक चौकोनी वस्तू होती.

"काय भाऊजी, वाळलात," मामी आत येता येताच म्हणाल्या. "जेवता की नुसते चहा पिता?"

"जेवतो."

"काल काय खाल्लंत?"

भाऊजी विचार करू लागले.

"बघा. आठवायला लागतंय म्हणजे खाल्लेलं नाही." मामींनी पिशवीतून डबे काढून ओट्यावर मांडले. खिडकीतला चष्मा त्यांना दिसला. एवढ्या धुळीच्या घरात त्याच्या काचा लखलखीत होत्या. त्यांनी आपला डबा थोडा बाजूला सरकवला, चष्म्याला धक्का लागू नये म्हणून.

खारू बाहेरच्या खोलीत आधीच येऊन बसली होती. भाऊजींची ही एकुलती मुलगी परराष्ट्र खात्यात होती आणि नदीपलीकडच्या देशाचं कामकाज तिच्याकडे होतं. लहानपणी आजोबांच्या पेन्सिली पळवून उशीखाली साठवायची, म्हणून मामांनी ठेवलेलं हे नाव चव्वेचाळीसाव्या वर्षीही सुटलं नव्हतं.

"मामा, ते काखेतलं तेच आहे ना?"

"आधी नमस्कार-चमत्कार तरी कर खारूताई. खात्यात हेच शिकवतात?"

"खात्यात शिकवतात की, समोरचा हसून बोलायला लागला की त्याच्या काखेकडे बघावं."

मामा हसले. नाही म्हटलं तरी भाचीवर त्यांचा जीव होता. त्यांनी वेष्टण काढलं. आत फ्रेम होती. काळी किनार, चकचकीत काच आणि काचेमागे पिवळा पडलेला, टाइप केलेला एक कागद. मागच्या रविवारी ताईचं कपाट आवरताना डबा सापडला, तेव्हा 'आठवण म्हणून एक घेतो' म्हणून मामा जो घेऊन गेले होते, तो.

खारूनं तो मोठ्यानं वाचला. "'शिष्टमंडळ आजच परत बोलवावं. यापुढे नदीच्या प्रश्नावर आमच्याकडून कोणी बोलायला येणार नाही. फार ऐकून घेतलं.'" ती थांबली. "ही तार गेलीच नव्हती, मामा."

"गेली नव्हती, पण लिहिली होती ना? आबांनीच सांगितली होती ना?"

"मंत्र्यांना काय सांगितलंस?"

"जे आहे ते. दात काढून झाल्यावर."

मामा दातांचे डॉक्टर होते. निवृत्त झाले होते, पण काही जुने रोगी त्यांना सोडत नव्हते. आत्ताचे परराष्ट्रमंत्री त्यातले एक. शुक्रवारी दाढ काढून घेतल्यावर, तोंडात बोळा असताना, मंत्री हातवारे करत बोलले होते की या वाटाघाटींना काही अर्थ नाही, शिष्टमंडळ परत बोलवावंसं वाटतं, पण उठायचं म्हटलं की साहेबांचं नाव आडवं येतं. मामांना राहवलं नाही. ते म्हणाले, माझ्याकडे एक कागद आहे. मंत्र्यांनी बोळा काढून विचारलं, कसला कागद?

मामा आज दिवसभर इथेच असणार, म्हणून संध्याकाळी सहाला मंत्र्यांची गाडी फ्रेम न्यायला इथेच येणार होती. उद्या सकाळी दहाला मंत्रिमंडळ बसणार होतं. मंत्री ही फ्रेम तिथे दाखवणार आणि म्हणणार, बघा, साहेबांनाही उठायचंच होतं. शिष्टमंडळ दुपारपर्यंत परत.

"आपली नऊ माणसं पलीकडे बसलीयेत मामा," खारू म्हणाली. "पलीकडच्यांनी आपल्या चार नावा अडवल्यात. तेवीस जण त्यांच्या ताब्यात आहेत. आपण उठून आलो तर त्यांच्याबद्दल विचारायला तिथे कोण उरतं?"

"हे तुझ्या मंत्र्यांना सांग."

"लिहून दिलंय. काल. मुक्कामाचा शिक्का मारून. त्यांनी फाइल बघितली आणि म्हणाले, हा शिक्का अजून किती दिवस चालणार?"

"बरोबर विचारलं!" मामांचा आवाज चढला. "एका माणसाच्या घरची पद्धत, ती किती वर्षं गिरवायची? बाहेर जातो तिथे लोक सांगतात, तुमचे वडील कधी चिडले नाहीत हो. पुतळ्याखालीसुद्धा तेच लिहिलंय. मला पहिल्यांदा असा कागद सापडलाय ज्यात माझा बाप माणसासारखा चिडलाय. हा मी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू?"

मामींनी आतून विचारलं, "चहा किती जणांना? चिडलेल्यांनाही हवाय का?"

*

खाली अंगणात दोन कुंड्या आणि एक बाक होता. मामा तिथे जाऊन बसले. आपण थोडं जास्त बोललो हे त्यांना कळत होतं, पण माघार घ्यावीशी वाटत नव्हती. आई गेली तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. ताई सतरा वर्षांची. ताई घरी राहिली आणि त्यांना वसतिगृहाच्या शाळेत पाठवलं. सकाळचा चहा, डबा, ताईचं वाचन, हे सगळं त्यांनी नंतर लोकांकडून ऐकलं. एकदा एका परक्या राजदूतानं त्यांना जेवताना रंगवून सांगितलं होतं, तुमच्या घरी म्हणे कागद बिस्किटांच्या डब्यात झोपायचे. त्याला माहीत होतं. त्यांना नव्हतं.

भाऊजी चहाचे दोन कप घेऊन हळूहळू जिना उतरले आणि शेजारी बसले.

"डॉक्टर, बिनसाखरेचा तुमचा."

"भाऊजी, तुम्हीही खारूच्याच बाजूनं का?"

"मी टाइप करायचो. बाजू नव्हती मला." भाऊजींनी कप बाकावर ठेवला. "पण एक गोष्ट सांगतो. त्या कागदाला मागची बाजू आहे. ती बघितलीत का?"

मामांनी कप हातात घेतला. मग म्हणाले, "मागे काय असतं?"

भाऊजींच्या लक्षात आलं. यांना कोणी सांगितलंच नव्हतं. डब्यातला कागद उलटून बघायचा, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि मामा त्या सकाळच्या वाचनाला कधी घरात नव्हते. यांनी पुढची बाजू वाचली आणि सरळ फ्रेम करून आणली.

"ताई लिहायच्या. का पाठवायचा नाही ते."

"काय लिहिलंय त्यावर?"

"आठवत नाही. खोटं कशाला बोलू? नसेलही काही."

मामांनी चहाचा घोट घेतला. "एक विचारू? मला शाळेत पत्रं यायची. महिन्यातून दोन. टाइप केलेली, खाली सही. तीही डब्यात ठेवायचात?"

"नाही."

"नाही म्हणजे?"

"तुमची पत्रं नाही. ती सांगून झाली की लगेच टपालात. मी म्हणायचो, साहेब, एकदा वाचून बघतो, चुका असतील. ते म्हणायचे, राहू दे चुका, पोरगं वाट बघत असेल. शिपाई पाठवायचे नाहीत, मलाच पळवायचे. पोस्ट सहाला बंद व्हायचं."

मामांनी कुंडीतलं एक वाळलेलं पान तोडलं.

"चुका फार असायच्या," ते म्हणाले. "दर ओळीला एक. मला वाटायचं, साऱ्या जगाला हा माणूस बिनचूक कागद पाठवतो. माझ्या वेळीच कोणाला सवड नाही."

"चुका माझ्या होत्या डॉक्टर. घाई त्यांची."

मामांनी नाक शिंकरलं आणि उगाचच मोठ्यानं म्हणाले, "ही धूळ फार आहे तुमच्याकडे. कुंड्यांना पाणी घालता का कधी?"

"विसरतो."

"ताई असती तर बोलली असती."

"बोलल्या असत्या," भाऊजी म्हणाले. त्यांचा हात सदऱ्याच्या खिशावर गेला आणि परत खाली आला.

*

मामांनी फ्रेम पालथी टेबलावर ठेवली तेव्हा साडेतीन झाले होते. मागे जाड पुठ्ठा होता आणि चारी बाजूंनी बारीक खिळे.

"हातोडी आहे का?" खारूनं विचारलं.

"हातोडी काय मागतेस, भिंत पाडायचीय का?" मामांनी गाडीतून आपली बॅग आणायला लावली. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी बॅग गाडीतच असायची. तिच्यातून एक बारीक वाकडं हत्यार निघालं. त्यांनी चष्मा नाकावर खाली ओढला आणि पहिला खिळा हलवला.

"दुखलं तर हात वर कर," मामी फ्रेमला म्हणाल्या.

"गप गं. इथे माझी अब्रू पणाला लागलीय."

"मग भूल देऊन घ्या तिलाही."

खारूला हसू आवरेना. तरी तिचा डोळा घड्याळावर होता. मागे काही नसलं, तर मामा फ्रेम गाडीत ठेवणार. आपल्या सख्ख्या मामाच्या हातून आजोबा हरणार, आणि पलीकडे अडकलेल्या तेवीस घरांना काय सांगायचं, ते टिपण तिलाच लिहावं लागणार.

अठरा खिळे निघाले. मामांनी पुठ्ठा उचलला. कागद चार कोपऱ्यांना चिकटपट्टीनं धरला होता. नखानं त्यांनी एकेक पट्टी सोडवली, अगदी हळू, आणि कागद उलटला.

पेन्सिल पुसट झाली होती. त्यांनी तो खिडकीशी नेला, वाचला आणि भाऊजींपुढे धरला.

"नको, तुम्हीच वाचा डॉक्टर. मोठ्यानं."

मामांनी घसा साफ केला. "'सकाळी वाचलं. गोळीबारात सातजण गेले. या कागदात त्यांच्यातल्या एकाचंही नाव नाही. फक्त आपला राग आहे. नको.'"

वाचताना त्यांचा आवाज सपाट निघाला होता. त्यांनी तसा काढला नव्हता. तो तसाच निघाला. मामींनी चमकून भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी डोळे मिटून बसले होते.

"मग काय केलं?" खारूनं हळूच विचारलं.

"साहेब म्हणाले, नावं आणा," भाऊजी म्हणाले. "मी घाटावर गेलो. नावाड्यांच्या घरोघर फिरून सात नावं लिहून आणली, वयासकट. दुसरी तार केली. त्यात राग नव्हता, नुसती नावं, आणि खाली, आमची माणसं टेबलावर बसून राहतील, हे सातजण घरी येईपर्यंत. चार दिवस बसून राहिली. पाचव्या दिवशी सातही जणांना पलीकडून नावेनं आणलं. त्यांच्या घरच्यांना माती तरी देता आली."

टेबलावर खिळ्यांचा छोटासा ढीग होता. मामा त्यातले खिळे एकेक करून उचलत राहिले आणि आपल्या डबीत टाकत राहिले.

"ताई तेव्हा किती वर्षांची होती?"

"बावीस."

"आणि आबांना 'नको' म्हणाली."

"रोज म्हणायच्या. मलाही म्हणायच्या."

*

पावणेसहाला मामांनी मंत्र्यांना फोन लावला. खारू बाहेर गॅलरीत जायला निघाली. "मी खात्यातली आहे, मी ऐकायला नको," ती म्हणाली आणि दाराशीच थांबली.

"हॅलो. सूज उतरली का? ... बरं. गरम काही खाऊ नका अजून. हे बघा, त्या कागदाबद्दल. ... हो, आहे ना, हातातच आहे. पण त्याला मागची बाजू आहे. ... नाही, मला माहीत नव्हतं. चूक माझी. मी उलटून बघितलाच नाही. ... तुम्हाला नेऊन दाखवायचा असेल तर दोन्ही बाजू दाखवाव्या लागतील. नाहीतर मी देणार नाही. ... दाढ तुमची असेल हो, बाप माझा आहे. थांबा, वाचून दाखवतो."

मामांनी दोन्ही बाजू वाचल्या. पुढची वाचली आणि मागचीही, एकाच आवाजात. मग ऐकत राहिले. पलीकडे बराच वेळ काही नव्हतं. मामींनी खुणेनं विचारलं, ठेवला का? मामांनी मान हलवली.

"हं," मामा शेवटी म्हणाले. "हं. ... बरं. ... बरं. काळजी घ्या."

"काय म्हणाले?" खारू आत आली होती.

"म्हणाले, गाडी पाठवत नाही. म्हणाले, तेवीसजणांची नावं आहेत का कोणाकडे?"

"माझ्या टिपणाला जोडलीयेत. वयासकट."

"तेच सांगितलं मी. तर म्हणाले, आज डोकं ठणकतंय. फाइल घरी मागवतो आणि सकाळी वाचतो. मग ठरवू."

खारू मामांकडे बघत राहिली. मग एकदम खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिनं डोळे पुसले. "शिक्का किती दिवस चालणार म्हणून विचारत होते ना?"

"ठरलेलं काही नाही हं," मामा म्हणाले. "सकाळी उठूनही ते तेच म्हणतील कदाचित."

"म्हणोत. रात्र तर जाऊ दे मध्ये."

मामांनी तार डब्यात ठेवली, तारखेवार लावलेल्या कागदांत तिची जागा शोधून. रिकामी फ्रेम काखेत मारली. "हिच्यात आता काय घालू?"

"माझा फोटो घाला," मामी म्हणाल्या. "दोन्ही बाजूंनी."

*

सगळे गेल्यावर भाऊजींनी मामींनी आणलेल्यातलं थोडं गरम करून खाल्लं. दोन कुंड्यांना पाणी घातलं. मग अजून उजेड आहे तोवर म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकीशी आले, खिशातला कागद काढला आणि दुमड सरळ केली.

दातांच्या डॉक्टरला उलटून बघा म्हणून सांगणं सोपं होतं.

त्यांनी कागद उलटला. पेन्सिलीचं अक्षर बारीक होतं. त्यांना नीट दिसेना. त्यांचा स्वतःचा चष्मा बाहेरच्या खोलीत राहिला होता. त्यांनी खिडकीतला ताईचा उचलला, काड्या उघडल्या आणि डोळ्यांवर चढवला. नंबर जवळपास सारखाच होता.

'सकाळी वाचलं. रात्री हे कधी आले कळलं नाही, पण मी उठले तेव्हा माझा चष्मा पुसून ठेवलेला होता. नको.'

भाऊजींनी ते दोनदा वाचलं. मग एकदा मोठ्यानं वाचलं, तिच्यासारखं, आवाजात काही न घालता. ते जमलं नाही.

त्यांनी कागद डब्याच्या तळाशी ठेवला, वर बाकीचे कागद आणि झाकण लावलं. चष्मा काढला. काचा ओल्या झाल्या होत्या. पिवळं फडकं त्यांनी हातात घेतलं, आणि उद्या सकाळी पुसू म्हणून परत खिळ्याला अडकवलं.